फॉल कलर्स: एडिसन ते न्यू इंग्लंड, पाच दिवस, दोन मित्रांची घरं, बरोबर आई-बाबा. मार्ग जमतोय का?

जर्सीकर
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बुधवार ते रविवार, असा बेत आहे. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. गाडी घरचीच, मिनीव्हॅन. आईचे गुडघे दुखतात आणि तिचे नवरात्राचे उपासही त्याच दिवसांत आहेत.

बुधवार: एडिसन ते वेस्टबरो (मॅसॅच्युसेट्स), मित्राकडे मुक्काम.
गुरुवार: वेस्टबरो ते बार हार्बर (मेन), अकेडिया नॅशनल पार्क.
शुक्रवार: बार हार्बर ते लिंकन (न्यू हॅम्पशर), व्हाइट माउंटन्स.
शनिवार: लिंकन ते बर्लिंग्टन (व्हरमाँट), मैत्रिणीकडे मुक्काम.
रविवार: बर्लिंग्टन ते एडिसन.

हे जमेल का? झाडांच्या पानांचे रंग नक्की कुठे मिळतील? आईला पायऱ्या न चढता काय पाहता येईल? आणि दोन्ही घरी जाताना काय न्यावं?

मैलाचादगड
आधी मैल मांडू. एडिसन-वेस्टबरो साधारण २१५, वेस्टबरो-बार हार्बर ३०० च्या वर, बार हार्बर-लिंकन २२०, लिंकन-बर्लिंग्टन ११५, बर्लिंग्टन-एडिसन ३२०. बेरीज जवळजवळ १,१७० मैल. गुरुवार आणि शुक्रवार हे दोन्ही दिवस सरळ गाडीत जातील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे जे बघायला निघालात ते काळोखात मागे पडणार.

बार हार्बर काढून टाका. उरतात ८०० मैल, आणि वेस्टबरो ते लिंकन हा टप्पा अडीच-तीन तासांचा होतो. दोन्ही मित्रांची घरं आपोआप वाटेवर येतात. लिंकनला सलग दोन रात्री करा. रोज बॅगा भरायच्या आणि उपसायच्या यात आई-बाबांची जास्त दमछाक होते.

भिंगरी
अकेडिया असं एका ओळीत कापू नका हो! ग्रॅनाइटचे कडे, खाली निळाशार समुद्र आणि मध्ये केशरी झाडं, असं दृश्य व्हाइट माउंटन्समध्ये नाही. ७ ऑक्टोबरच्या आसपासपासून ६ मार्चपर्यंत अमेरिकेत सर्वांत आधी सूर्योदय दिसतो तो कॅडिलॅक माउंटनवर.

पण या पाच दिवसांत ते बसत नाही, हे मात्र मान्य. शिवाय किनाऱ्यालगत रंग उशिरा चढतो. अकेडियात तो महिन्याच्या मध्याला भरात असतो, पहिल्या आठवड्यात बरंच हिरवं दिसेल. पुढच्या खेपेला वेगळे तीन दिवस काढा. तेव्हासाठी लिहून ठेवते: मोसमात कॅडिलॅकच्या माथ्यावर गाडी नेण्यासाठी वेगळं आरक्षण लागतं, गाडीमागे ६ डॉलर. पार्कचा प्रवेश-पास निराळा. ३० टक्के आरक्षणं ९० दिवस आधी खुली होतात आणि उरलेली ७० टक्के दोन दिवस आधी सकाळी १० वाजता. सूर्योदयाची काही मिनिटांत संपतात, त्यामुळे पावणेदहालाच लॉग-इन करून बसायचं.

पानोपानी
रंग "कधी" याआधी "किती उंचीवर आणि किती उत्तरेला" हे बघा. रंगाची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगरमाथ्यावरून दरीत आणि आतल्या मुलखातून किनाऱ्याकडे सरकते. उत्तर मेन आणि व्हरमाँटचा ईशान्य कोपरा सप्टेंबरच्या अखेरीला, व्हाइट माउंटन्स आणि ग्रीन माउंटन्स साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बोस्टनचा परिसर महिन्याच्या मध्यानंतर, आणि आपली न्यू जर्सी ऑक्टोबरच्या शेवटी. "पीक"ची तारीख धरून बसण्यापेक्षा तिथे पोचल्यावर गाडी हजार फूट वर किंवा खाली न्या. माथ्यावर पानं झडली असतील तर दरीत रंग असतो, दरी हिरवी असेल तर घाटात.

एकेक झाड आपापल्या पाळीने रंगतं. पाणथळ जागेतला रेड मेपल सर्वांत आधी लाल होतो, कधीकधी ऑगस्टच्या शेवटीच. मग शुगर मेपलचा केशरी, बर्च आणि ॲस्पेनचा पिवळा, बीचचा तांबूस. ओक शेवटी, विटकरी.

पिवळा आणि नारिंगी रंग पानात उन्हाळाभर असतोच. हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. देठाशी बुचासारखा थर वाढू लागला की साखर पानातच अडकते, आणि स्वच्छ ऊन असेल तर त्या साखरेपासून लाल रंगद्रव्य बनतं. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण पाणी गोठेल इतका नाही) असा आठवडा मिळाला तर लाल पेटतो. रात्री उबदार राहिल्या तर फिकट पडतो. उन्हाळा कोरडा गेला असेल तर पानं करपून लवकर गळतात. आणि भरात असताना वाऱ्यासह जोराचा पाऊस आला की दोन दिवसांत झाडं उघडी होतात. त्यामुळे अंदाज आठवडाभर आधीचा बघा, महिनाभर आधीचा नको.

जर्सीकर
पानोपानी, हे फार कामाचं. अकेडिया रद्द. मग शुक्रवार पूर्ण व्हाइट माउंटन्सला. तिथे दिवसभरात काय क्रम ठेवावा?

गिरकी
कँकमॅगस हायवे, म्हणजे रूट ११२, लिंकन ते कॉनवे, साडेचौतीस मैल. मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही, हॉटेल नाही आणि बहुतेक भागात फोनला रेंज नाही. टाकी लिंकनलाच भरा, नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि आईसाठी: वाटेत आहेत ती स्वच्छतागृहं साधी, खड्ड्याची असतात, त्यामुळे सॅनिटायझर आणि कागद जवळ हवा.

लिंकनकडून जाताना क्रम असा: लिंकन वूड्स (नदीवरचा झुलता पूल, गाडीतळाच्या अगदी जवळ), मग तीव्र वळणावरचा हँकॉक ओव्हरलुक, पेमी ओव्हरलुक, २,८५५ फुटांवरची खिंड, पलीकडे उतारावर शुगर हिल ओव्हरलुक, सॅबडे फॉल्स, बेअर नॉच रोडचा फाटा, रॉकी गॉर्ज, लोअर फॉल्स आणि १८५८ चा आल्बनी कव्हर्ड ब्रिज (छपराचा लाकडी पूल).

आईसाठी ओव्हरलुक सगळे चालतील, गाडीतून उतरलं की समोर दरी. रॉकी गॉर्जला थोडं सपाट चालायचं. सॅबडेला पाऊण मैलाच्या आत जाऊन-येऊन होतं, पण शेवटी धबधब्याशी पायऱ्या आहेत. तिथे त्यांना खाली ओढ्याकाठीच बसू दे. ठरावीक गाडीतळांवर व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टचा दिवसाचा पास लागतो, ५ डॉलर. पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतात, म्हणून सुटे ठेवा.

तिसराडोळा
सकाळी लिंकनहून निघालात तर तोंड पूर्वेला. आठ-नऊपर्यंत ऊन थेट डोळ्यांत. फोटोच काढायचे तर उलटं करा: सकाळी फ्रँकोनिया नॉच (नॉच म्हणजे खिंड), मग रूट ३०२ ने क्रॉफर्ड नॉच, आणि दुपारी कॉनवेकडून कँकमॅगस.

गिरकी
दुपारी ते गाडीतळ तुडुंब भरलेले असतात, आठवड्याच्या मधल्या दिवशीही. गाडी रस्त्याच्या कडेला लावून वळणावरून चालत जायचं, तेही आईंना घेऊन? आणि चार वाजता पश्चिमेकडे निघालात तर ऊन पुन्हा डोळ्यांतच. सकाळी सातला निघा. पहिले काही मैल डोंगराच्या सावलीत चढ आहे. पुढची काच आतूनही पुसून घ्या. समोरून ऊन येतं तेव्हा आतला धुरकट थर आंधळं करतो. शिवाय मेपलच्या पानामागून ऊन आलं की पान आतून उजळतं, ऊन आपल्या पाठीवर असलं की ते होत नाही.

तिसराडोळा
पानाआडून येणाऱ्या उन्हाचा मुद्दा बिनतोड, मागे घेतो. त्या फोटोंना एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या, नाहीतर लालाचा सपाट ठिपका होतो. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर ओल्या पानांवरची चकाकी निघते. आणि ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका. जंगलाच्या आतले आणि ओढ्याकाठचे रंग ढगाळ उजेडातच खरे येतात. मोकळ्या दऱ्यांना ऊन हवं.

मैलाचादगड
शुक्रवारचा फेरा पूर्ण करा: लिंकन, कँकमॅगस, नंतर ३०२ वर क्रॉफर्ड नॉच, ब्रेटन वूड्स, ट्विन माउंटन, तिथून फ्रँकोनिया नॉच आणि परत लिंकन. शंभर मैलांच्या आसपास, थांबे धरून सात-आठ तास.

कॉनवेपर्यंत जाऊन नॉर्थ कॉनवेतून ३०२ धरलात तर आउटलेट दुकानांच्या पट्ट्यात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. त्याऐवजी रॉकी गॉर्ज आणि लोअर फॉल्स पाहून थोडं मागे या आणि बेअर नॉच रोडने थेट बार्टलेटला उतरा. नऊ मैल, दोन्ही बाजूंनी झाडांची कमान. हिवाळ्यात बंद असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडा.

हिरवाचहा
फ्लूम गॉर्ज सगळे सुचवतील, म्हणून आधीच सांगते: साधारण दोन मैलांचा फेरा, लाकडी पायवाट, भरपूर पायऱ्या, चढ-उतार. दुखऱ्या गुडघ्यांना नको. मुलाला न्यायचं असेल तर वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या, आणि तेवढ्या वेळात आई-बाबांना एको लेकच्या काठी बसवा. समोर आर्टिस्ट्स ब्लफचा कडा दिसतो. त्या कड्यावर चढायला सगळ्यांची झुंबड असते, पण तळ्याकाठून दिसणारं पाण्यातलं प्रतिबिंब मला तरी जास्त आवडतं.

त्याच नॉचमध्ये "ओल्ड मॅन ऑफ द माउंटन" नावाचा माणसाच्या चेहऱ्यासारखा कडा होता. न्यू हॅम्पशरच्या रस्त्यांच्या पाट्यांवर अजून तोच आहे. ३ मे २००३ ला तो कोसळला. आता प्रोफाइल लेकजवळ उभ्या केलेल्या खांबांमधून ठरावीक जागी उभं राहून बघितलं की चेहरा पुन्हा जागेवर दिसतो. मुलांना ही गंमत फार आवडते, आणि वाट सोपी आहे.

घाटमाथा
आईंना उंचावर न्यायचं तर माउंट वॉशिंग्टन. ६,२८८ फूट. दोन मार्ग: १८६९ पासून चालणारी, दातेरी रुळावरची कॉग रेल्वे, किंवा १८६१ ला खुला झालेला ऑटो रोड, ७.६ मैल, सरासरी चढ १२ टक्के. यांच्या शुक्रवारच्या फेऱ्यात कॉग रेल्वे बसते, तिचं स्थानक ब्रेटन वूड्सजवळ आहे. ऑटो रोड डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, वाकडी वाट होईल.

तरीही कोणी ऑटो रोडने गेलंच तर आपल्याकडचे ट्रकवाले सांगतात तेच: ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा. ऑटोमॅटिक गाडीत "एल" किंवा "१" वर टाका, नुसत्या "डी"वर सोडून ब्रेक दाबत राहू नका. ब्रेक सतत घासला की तापतो, त्यातलं तेल उकळतं आणि पाय नुसता खाली जातो. जळका वास आला की कडेच्या थांब्यावर गाडी लावून तो निवू द्यायचा, पाणी ओतायचं नाही. ज्या गाड्यांना खालचा गिअर हाताने निवडता येत नाही त्यांना वर सोडत नाहीत, तेव्हा तुमच्या गाडीचं नियमावलीत बघून घ्या.

खाली ६० अंश फॅरनहाइट असताना माथ्यावर गोठणबिंदूच्या खाली असू शकतं. १२ एप्रिल १९३४ ला इथे ताशी २३१ मैल वारा मोजला गेला होता. त्यामुळे स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी महत्त्वाची. तिकीट काढण्याआधी सकाळचा माथ्याचा अंदाज वाचा. ढगात शिरलेला माथा म्हणजे पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहणं.

शेवगा
उपासाचं सांगते. साबुदाण्याची खिचडी प्रवासात नको, गार झाली की चिवट होते आणि गाडीत गरम करायची सोय नाही. त्यापेक्षा:

रताळी घरून भाजून फॉइलमध्ये. राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचे लाडू, खजूर, केळी. थर्मासमध्ये वरीचे तांदूळ चालतात, पण पातळसर करून न्या, दोन तासांत ते आळतात. एक वाटी वरीला एरवी अडीच-तीन वाट्या पाणी घालत असाल तर साडेतीन-चार घाला, आणि थर्मास आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटं तापवून घ्या. वर दाण्याची आमटी वेगळ्या थर्मासात. लिंकनला खोली घेताना स्वयंपाकाचा ओटा असलेली घ्या, स्कीइंगचं गाव असल्याने तशा बऱ्याच असतात.

बाकीच्यांसाठी: तिकडच्या बेक्ड बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. फ्रेंच फ्राइज बऱ्याच ठिकाणी शिंपल्यांच्याच तेलात तळतात. विचारलं की लोक नीट सांगतात, संकोच नको. सायडर (सफरचंदाचा रस) घातलेला डोनट गरम मिळाला तर सोडू नका, फक्त त्यात अंडं असतं. आणि रस्त्याकडेच्या ताज्या सायडरच्या बाटलीवर "अनपाश्चराइज्ड" लिहिलेलं असेल तर लहान मुलं आणि वयस्कर माणसांना देऊ नका.

चॅम्पलेनकाठ
बर्लिंग्टनमध्ये पाहुणे उतरवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

लिंकनहून इंटरस्टेट ९३ ने सेंट जॉन्सबरी, मग रूट २ ने डॅनव्हिल, मार्शफील्डवरून मॉन्टपेलिअर. इंटरस्टेटपेक्षा रूट २ ला वेळ थोडा जास्त, पण गावं, कोठारं, टेकड्या सगळं त्यावर. मॉन्टपेलिअर ही अमेरिकेतली लोकसंख्येने सर्वांत छोटी राज्य-राजधानी, सोनेरी घुमटामागे रंगलेला डोंगर. गाडी लावून अर्धा तास सपाट फिरता येतं. तिथून निघालात की मैत्रिणीला फोन करा. तिथून बर्लिंग्टन चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, कुकर लावून पोळ्या होईपर्यंत तुम्ही दारात. "येतोच आहोत" असा फोन खिंडीतून करू नका, रेंज जाते आणि इकडे जीव टांगणीला.

वॉटरबरीला वळून स्टो आणि स्मगलर्स नॉच (रूट १०८) करता येईल. वरच्या टप्प्यात रस्ता एका गाडीपुरता उरतो, दोन्ही बाजूंना घरासारखे खडक आणि आंधळी वळणं. मिनीव्हॅन आरामात जाते; लांब ट्रक आणि ट्रेलरला बंदी आहे. पहिला बर्फ पडला की हिवाळाभर बंद.

न्यायचं काय? मिठाई नका आणू. ओक ट्री रोडवरून (तुमच्याकडचा देशी बाजार) ताजी भाजी आणा! अळू, तोंडली, गवार, पडवळ, कढीपत्ता, ओली हळद. छोट्या गावातल्या माणसाला जुडीभर अळू म्हणजे सण. अळूची पानं देठांसकट ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत सैल ठेवा आणि कूलरमध्ये बर्फाला चिकटू देऊ नका, नाहीतर काळी पडतात. कढीपत्ता धुऊ नका, कोरडाच न्या. पण तुम्ही वाटेत तीन रात्री आहात, म्हणून तोंडली-गवार घ्याच, अळू मात्र वेस्टबरोच्या मित्राला. आणि शनिवारी दुपारचं जेवण वाटेत उरकून या, रात्रीचं एकच जेवण निवांत होऊ द्या. यजमानाला दोन जेवणं रांधायला लावली की गप्पा ओट्याशीच संपतात.

पानोपानी
एडिसनहून जाताय म्हणून अगदी कळकळीची विनंती. न्यू जर्सीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड पसरली आहे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ती अंडी घालते. अंड्यांची चकती वाळलेल्या चिखलाच्या डागासारखी दिसते, इंचभर लांब. निघण्याआधी चाकांच्या कमानी, बंपरच्या खालची बाजू, छतावरचा कॅरियर आणि घडीच्या खुर्च्या बघा. सापडली तर जुन्या कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्यात किंवा सॅनिटायझरमध्ये बुडवा. उत्तरेकडच्या मेपलांच्या जंगलात आपल्या गाडीतून कीड जाऊ नये.

याच कारणाने शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका. व्हरमाँट, न्यू हॅम्पशर, मेन, न्यूयॉर्क सगळीकडे परराज्यातल्या, प्रक्रिया न केलेल्या लाकडांना बंदी आहे. तिथेच विकत घ्या.

कडुनिंब
पानांच्या ढिगात मुलं उड्या मारतात तो फोटो सगळ्यांना हवा असतो. तोच ढीग गोचिडांची जागा. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीच्या प्रौढ माद्या ऑक्टोबरातही फिरत असतात. थंडी पडली म्हणून त्या संपत नाहीत. पँट मोज्यात खोचा, रात्री अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागची लवण, कानांमागे आणि केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली आढळली तर टोकदार चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी, नखपॉलिश असले उपाय नकोत. तारीख लिहून ठेवा. नंतरच्या महिनाभरात ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा.

जंगलवाटेवर जाणार असाल तर भगवं किंवा केशरी जाकीट घाला. शिकारीचा मोसम सुरू झालेला असतो.

उंबरठा
थोडं विषयांतर. "फॉल कलर्स"ला मराठी शब्द काय? पानगळ म्हटलं की उदास वाटतं, आणि इथे तर झाड सणासारखं सजतं.

पानोपानी
पानगळीचा काळ आपल्याकडे शिशिर, आणि कारणही वेगळं. सागासारखी आपली झाडं पाणी वाचवायला पानं टाकतात, इकडची गोठणाऱ्या थंडीसाठी. लाल पानं आपल्याकडेही आहेत, पण जन्मताना: कुसुंबाची कोवळी पालवी फाल्गुन-चैत्रात पेटल्यासारखी लाल असते. इथे झाड जाताना रंगतं, तिथे येताना.

उंबरठा
मग "पानरंग" म्हणू या?

भिंगरी
पानरंग छान आहे. मी वापरणार.

मैलाचादगड
पानरंगासाठी गाडीची तयारी :)

टायर: बाहेरचं तापमान दर १० अंश फॅरनहाइट उतरलं की हवा साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) कमी होते. एडिसनला ६५ आणि लिंकनला पहाटे ३५ असेल तर ३ पीएसआय गेले, आणि डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागेल. घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा.

काच धुण्याचं पाणी: उन्हाळ्यातलं निळं पाणी गोठतं, उणे २० अंश फॅरनहाइटलाही न गोठणारं भरा. काचेच्या तळाशी जाळीत अडकलेली पानं रोज सकाळी काढा. तिथून आत हवा जाते. ती तुंबली की आतून काच धुरकटते.

ओली पानं पडलेला रस्ता बर्फासारखा निसरडा होतो, वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. सुक्या पानांच्या ढिगावर गाडी लावू नका, खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) तापलेला असतो.

जाताना कनेटिकटमध्ये इंटरस्टेट ९५ धरू नका. २८७ ने हडसन ओलांडून ६८४, मग ८४, मग मॅस पाइक (मॅसॅच्युसेट्सचा टोल महामार्ग). हार्टफर्ड दुपारी तीनच्या आत पार करा.

घाटमाथा
मूसबद्दल (इकडचं अवाढव्य हरीण) कोणीच बोललं नाही. साध्या हरणाचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात, मूसचे बहुधा दिसतच नाहीत, कारण डोकं उजेडाच्या वर असतं आणि अंग काळपट. पाय उंच असल्याने धडकेत हजारेक पौंडांचं धूड थेट काचेवर येतं. ऑक्टोबरात त्यांचा माजाचा काळ संपत आलेला असतो तरी संध्याकाळी-पहाटे ते रस्त्यावर येतात. पाट्या असलेल्या टप्प्यात अंधार पडल्यावर ताशी ४५ मैलांच्या खाली रहा, आणि दिसला तर पूर्ण ताकदीने ब्रेक. रात्रीचा प्रवास टाळणं हेच उत्तम.

हिरवाचहा
कागदपत्रं! कॅनडाची सीमा जवळ आहे. त्या पट्ट्यात महामार्गावर बॉर्डर पॅट्रोलचा (सीमेवरच्या गस्तीदलाचा) नाका लागू शकतो. आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) छापील प्रत गाडीत हवी, घरी तिजोरीत नको. सात वर्षांच्या मुलाला मॅसॅच्युसेट्समध्ये बूस्टर सीट लागतेच: ८ वर्षांखाली आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंची असेल तर सक्ती आहे.

शेवगा
गुरुवारी वेस्टबरोहून निघताना सफरचंदाची बाग करा, आसपास बऱ्याच आहेत. आईंना ठेंगण्या झाडांची सफरचंदं उभ्यानेच तोडता येतात. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलत पीळ द्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षीचा डोळा तुटत नाही. "पेक"ची पिशवी दहा-बारा पौंडांची, पाच जणांना तीच पुरे. कॉर्टलँड जात मिळाली तर घ्या, चिरल्यावर लवकर काळी पडत नाही, कोशिंबिरीला छान. मॅकिंटॉश मऊ शिजते, साखरांब्यासारखं करायला बरी.

चॅम्पलेनकाठ
आणि मेपल सिरप व्हरमाँटमध्ये घ्या. चार प्रती: गोल्डन, अँबर, डार्क, व्हेरी डार्क. प्रत म्हणजे दर्जा नाही, फक्त रंग आणि चवीचा दाटपणा. घावन-धिरड्यांवर अँबर, शिऱ्यात किंवा तिळाच्या वडीत डार्क. साधारण ४० गॅलन रस आटवून १ गॅलन होतो, म्हणून महाग. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर बुरशी येते.

एक विनंती माझीही. पॉमफ्रेटमधलं ते फोटोंतलं प्रसिद्ध शेत खासगी आहे. गर्दीला कंटाळून २०२३ पासून गाव या मोसमात तिकडचा रस्ताच बाहेरच्यांना बंद करतं. कोणाच्याही शेतात, अंगणात फोटोसाठी शिरू नका.

जर्सीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. नवा बेत:

बुधवार: सकाळी आठला निघून ६८४-८४ ने वेस्टबरो. अळू तिथे.
गुरुवार: सफरचंदाची बाग, दुपारी लिंकन, संध्याकाळी एको लेक.
शुक्रवार: सातला कँकमॅगस, बेअर नॉच, क्रॉफर्ड नॉच. माथा मोकळा असेल तर कॉग रेल्वे.
शनिवार: रूट २, मॉन्टपेलिअर, बर्लिंग्टन. तोंडली-गवार तिथे.
रविवार: ८७ ने घरी.

लिंकनची खोली घेतली, ओटा आहे, ४८ तास आधीपर्यंत रद्द करता येते. रविवारचे ३२० मैल मात्र रटाळ वाटतायत.

चॅम्पलेनकाठ
रविवारी शार्लट-एसेक्स फेरीबोट घ्या. बर्लिंग्टनच्या दक्षिणेला, गाडीसकट चॅम्पलेन तळं वीसेक मिनिटांत पार. मागे ग्रीन माउंटन्स, पुढे ॲडिरॉन्डॅक्स. आईंना गाडीतून उतरायचीही गरज नाही. पलीकडे थोड्याच वेळात ८७ लागतो आणि त्याचा पहिला शंभर मैलांचा भाग रंगातून जातो. तळ्याचं पाणी फार उतरलं की ही फेरी बंद ठेवतात, म्हणून शनिवारी रात्रीच खात्री करा.

मैलाचादगड
कॉग रेल्वेला वर-खाली मिळून तीन तास धरा. तिकीट दुपारी बाराच्या नंतरचं घ्या, म्हणजे कँकमॅगसवर घाई होणार नाही. बाकी बेत पक्का.

जर्सीकर
साडेबाराचं बघतो. माथ्याचा अंदाज शुक्रवारी सकाळी लिंकनमधूनच वाचेन, खिंडीत रेंज नाही.